नव्या लॅपटॉपची डिस्क: पार्टिशन आणि बॅकअप – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं विंडोज ११ आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असलेल्या लॅपटॉप-डेस्कटॉपसाठी आहेत. जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला काही वेगळं लागू होत असेल तर तिथे तसं सांगितलं आहे. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ३, ५ आणि ११ वाचा. बाकीचे गरज पडेल तसे.

१. लॅपटॉप ५१२ जीबीचा घेतला, पण आत ४७६ जीबीच दिसतात. दुकानदाराने फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारी कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ × १०२४ × १०२४ असा हिशोब करते, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. माप बदललं, माल तोच. म्हणून २५६ जीबीचे २३८, ५१२ चे ४७६ आणि १ टीबीचे ९३१ दिसतात. सी ड्राइव्ह याहूनही लहान दिसत असेल तर उरलेली जागा लपलेल्या पार्टिशनांत, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांत आहे (प्रश्न ४). शिवाय विंडोज स्वतः ३०-४० जीबी खाते, ती वेगळीच.

२. दुकानदार म्हणतो, सी, डी, ई पाडून देतो. पार्टिशन करायलाच हवं का?

सक्ती नाही. विंडोज वर्षातून दोनदा उडायची आणि दरवेळी सी ड्राइव्ह फॉरमॅट व्हायचा, तेव्हाची ही सवय आहे. डेटा डी मध्ये असला की वाचायचा. आता ‘रीसेट धिस पीसी’ मध्ये ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय असतो, त्यामुळे तेवढ्यासाठी भिंत घालायची गरज उरलेली नाही.

तरी एक फायदा खरा आहे: विंडोज नव्याने टाकताना किंवा सी ड्राइव्हची इमेज (विंडोजसकट पूर्ण नक्कल, प्रश्न १४) परत चढवताना काम आणि सिस्टीम वेगळी असली की डोकं शांत राहतं. तोटाही तितकाच खरा. सी भरतो, डी निम्मा रिकामा पडून असतो, आणि अपडेटला जागा मिळत नाही.

आमचं मत: २५६ जीबीला एकच सी ठेवा. ५१२ ला मर्जी तुमची. १ टीबीला दोन भाग ठीक. ई-एफ पाडण्यात अर्थ नाही, ते काम फोल्डर करतात. वेगाचं म्हणाल तर एसएसडीवर पार्टिशनने काही फरक पडत नाही. फिरत्या डिस्कवर बाहेरचे ट्रॅक जलद असतात आणि पहिल्या पार्टिशनला ते मिळतात, एवढाच काय तो फरक.

३. महत्त्वाच्या फाइली डी ड्राइव्हवर कॉपी केल्या. झाला ना बॅकअप?

नाही झाला. मध्ये भिंत घातली म्हणून एका घराची दोन घरं होत नाहीत. सी आणि डी एकाच डिस्कवर असतील तर डिस्क मेली की दोन्ही एकदम जातात. फिरती हार्ड डिस्क जाण्याआधी बरेचदा कुरकुरते, अडखळते. एसएसडी मात्र काल नीट चालत होती आणि आज बायोसमध्येही (विंडोजआधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्येही) दिसत नाही, असं होऊ शकतं. तिच्यातून डेटा काढून घेणं अवघड आणि महाग असतं.

डी वरची प्रत एका गोष्टीपासून वाचवते: सी फॉरमॅट होण्यापासून. चोरी, कीबोर्डवर सांडलेला चहा, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस), विंडोज टाकताना चुकून निवडलेलं भलतंच पार्टिशन, यांतल्या कशापासूनही नाही. विंडोजच्या इमेज साधनात जागा म्हणून त्याच डिस्कवरचा डी निवडला तर तेही ‘ही जागा त्याच डिस्कवर आहे’ असं बजावतं. बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तूवरची प्रत, आणि शक्यतो दुसऱ्या जागी.

४. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाव नसलेली तीन-चार छोटी पार्टिशनं दिसतात. ती उडवून जागा मिळवू का?

हात लावू नका. सुरुवातीला असतं ते ईएफआय सिस्टीम पार्टिशन, साधारण १०० ते २६० एमबी. संगणक सुरू होताना पहिलं तेच वाचलं जातं. ते गेलं की विंडोज जागेवर असूनही उघडत नाही. त्याच्या शेजारी १६ एमबीचं राखीव पार्टिशन असतं, ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतही नाही. सी च्या मागे रिकव्हरी पार्टिशन असतं, अर्धा ते एक जीबीच्या आसपास. दुरुस्तीचा निळा पडदा येतो तो त्यातून. हे फार लहान असलं तरी त्रास होतो: जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या एका अपडेटला त्यात २५० एमबी मोकळी जागा लागत होती, आणि ती नसलेल्या संगणकांवर अपडेट फसत राहिलं.

काही कंपन्या शेवटी १०-२० जीबीचं स्वतःचं पार्टिशन ठेवतात. त्यातून लॅपटॉप कारखान्यातून आला तसा करता येतो (एचपीवर सुरू करताना एफ११, एसरवर ऑल्ट आणि एफ१०, लेनोव्होच्या अनेक मॉडेलांवर छोटं नोव्हो बटण). जागा फारच हवी असेल तर रिकव्हरी पेन ड्राइव्ह बनवून, तो चालतो हे पाहून (प्रश्न १४), मगच या एकाचा विचार करा.

५. पार्टिशन करण्याआधी काय काय करून ठेवू?

सगळ्यात आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून होम आवृत्तीतही हे सर्रास आहे, आणि मालकाला पत्ता नसतो. ‘सेटिंग्ज’ → ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ → ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ इथे चालू आहे का पाहा. चालू असेल तर ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, ‘डिव्हाइसेस’ मध्ये आपला लॅपटॉप निवडून ४८ अंकी की उघडा आणि कागदावर लिहून घ्या. त्याच लॅपटॉपमध्ये फोटो काढून ठेवण्याचा काही उपयोग नाही. कीच्या ओळख क्रमांकाची (की आयडी) पहिली आठ अक्षरंही सोबत लिहा. दोन संगणक असले की कोणती की कोणाची, हे त्यावरून कळतं.

मग विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, एकदा रीस्टार्ट करा. चार्जर लावलेला हवा आणि बॅटरी निम्म्याहून जास्त. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम करू नका, कारण पार्टिशन हलत असताना वीज गेली तर फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची व्यवस्था) अर्धवट लिहिलेली राहते. शेवटी जो काही डेटा आत आला असेल त्याची बाहेर एक प्रत. अगदी नव्या लॅपटॉपवर डेटा नसतोच, म्हणून पार्टिशन पहिल्याच दिवशी करणं सगळ्यात सोपं.

६. डी ड्राइव्ह बनवायच्या नेमक्या पायऱ्या सांगा.

वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

१) विंडोज बटण आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडा.
२) खालच्या चित्रात सी वर राइट-क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. थोडा वेळ तो जागा मोजतो.
३) किती जागा काढून घ्यायची ते एमबीमध्ये भरा. सी साठी किती ठेवायची ते नव्हे. इथेच बहुतेक जण चुकतात. २०० जीबीचा डी हवा तर २०० × १०२४ = २०४८०० लिहा.
४) ‘श्रिंक’ दाबल्यावर काळ्या पट्टीची ‘अनॲलोकेटेड’ जागा दिसेल. तिच्यावर राइट-क्लिक, ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’.
५) अक्षर डी, फाइल सिस्टीम एनटीएफएस, ॲलोकेशन युनिट ‘डीफॉल्ट’, ‘क्विक फॉरमॅट’ वर टिक. नाव ‘काम’ किंवा ‘डेटा’ असं काहीही.

पाच मिनिटांचं काम. सी बिटलॉकरने कुलूपबंद असला तरी ही पद्धत चालते, कुलूप काढावं लागत नाही. झाल्यावर ‘धिस पीसी’ मध्ये डी च्या चित्रावरही कुलूप दिसतं का पाहा. सी बंद आणि डी उघडा असेल तर चोराला हवा असलेला डेटा नेमका उघड्यावर राहतो.

‘कन्व्हर्ट टू डायनॅमिक डिस्क’ अशी सूचना आली तर ‘नो’ म्हणा. ती जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर पाचवं पार्टिशन करू पाहिलं की येते, कारण त्या पद्धतीत चारच मुख्य पार्टिशनं चालतात. नव्या लॅपटॉपच्या जीपीटी डिस्कवर विंडोज १२८ पर्यंत पार्टिशनं करू देते.

७. सी मध्ये ३५० जीबी मोकळे आहेत, पण श्रिंकमध्ये फक्त २० जीबी मिळतात असं दाखवतो. का?

श्रिंक सी ची शेपटी कापतो. त्या शेपटीत न हलणारी एखादी फाइल बसली असेल तर कात्री तिथेच थांबते, मग मधे कितीही मोकळी जागा असो. न हलणाऱ्यांत तिघं नेहमीचे: हायबरनेशनची फाइल (बंद करताना चालू काम साठवणारी, साधारण रॅमच्या ४० टक्के), पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की वापरायची) आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोजच्या आधीच्या स्थितीची नोंद).

तिन्ही तात्पुरते बंद करा. स्टार्टवर राइट-क्लिक करून ‘टर्मिनल (ॲडमिन)’ उघडा, ‘पॉवर’ला जोडून ‘सीएफजी’ असा एकच शब्द इंग्रजीत लिहा, जागा सोडून तिरकी रेघ आणि एच, पुन्हा जागा सोडून ‘ऑफ’. हायबरनेशन गेलं. पुढे ‘ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ → ‘परफॉर्मन्स’ → ‘व्हर्च्युअल मेमरी’ मध्ये ‘नो पेजिंग फाइल’ निवडा आणि ‘सेट’ दाबा. ‘सिस्टीम प्रोटेक्शन’ मध्ये सी चं संरक्षण बंद करा. रीस्टार्ट, लगेच श्रिंक, आणि मग तिन्ही परत चालू. पेजिंग फाइल बंदच राहिली तर ८ जीबी रॅमवर ब्राउझर आणि एक्सेल उघडताच ‘मेमरी कमी आहे’ अशा तक्रारी सुरू होतात.

तरीही अडलं तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ → ‘विंडोज लॉग्ज’ → ‘ॲप्लिकेशन’ मध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. श्रिंक कोणत्या फाइलपाशी अडला ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. ही नोंद पाहायचं सहसा कोणाला सुचत नाही, आणि लोक थेट कुठलं तरी अनोळखी पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवतात.

८. सी ला किती ठेवू?

ऑफिस, ब्राउझर, टॅली एवढंच काम असेल तर १५० जीबी पुरतात. व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम किंवा ॲन्ड्रॉइड स्टुडिओ असेल तर २५० च्या खाली जाऊ नका. हे प्रोग्राम स्वतःचा कॅश सी मध्येच साठवतात. कोणत्याही वेळी सी चा १५-२० टक्के भाग मोकळा राहायला हवा. शंका असेल तर सी ला जास्त द्या. पुढे सी मधून जागा काढणं सोपं, सी ला जागा देणं कटकटीचं (प्रश्न ९).

९. डी लहान केला, आता सी वाढवायचाय, पण ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ पुसट दिसतो.

कारण मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे नाही. डी ची शेपटी कापली तर मोकळी जागा डी च्या पलीकडे तयार होते, आणि मधे डी उभा असतो. विंडोजला पार्टिशन सरकवता येत नाही. मार्ग असा: डी चा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर, डी पूर्ण डिलीट, सी एक्सटेंड, उरलेल्या जागेत नवा डी, डेटा परत.

डी डिलीट करूनही पुसटच असेल तर सी आणि ती जागा यांच्यामध्ये एखादं रिकव्हरी पार्टिशन आलेलं असतं. मोठ्या अपडेटच्या वेळी विंडोज कधी कधी सी च्या शेवटी नवं रिकव्हरी पार्टिशन तयार करते, तेच हे. ते सरकवायला बाहेरचं साधन लागतं. अशा वेळी आधी पूर्ण इमेज घ्या. हे काम बिनधोक नाही.

१०. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स डी वर कसे हलवायचे? मी हलवले, तर आता सगळा डी ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ झालाय!

दुसरं आधी. तुम्ही जागा म्हणून नुसता डी निवडलात, त्याच्या आत फोल्डर केला नाहीत. योग्य क्रम: डी मध्ये ‘डॉक्युमेंट्स’ नावाचा रिकामा फोल्डर करा. मग मूळ डॉक्युमेंट्सवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’, ‘मूव्ह’, आणि तो नवा फोल्डर निवडा. फाइली हलवू का असं विचारेल, ‘येस’ म्हणा. डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स यांना प्रत्येकी वेगळा फोल्डर. दोघांना एकच दिला तर ते एकमेकांत मिसळतात आणि वेगळे करताना जीव जातो.

वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू असेल तर तो आधी बंद करा. तोवर हे फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात असतात. आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ किंवा ‘यूजर्स’ हे आख्खे फोल्डर कधीच ओढून डी वर टाकू नका.

११. बॅकअप नेमका किती आणि कुठे ठेवायचा?

तीन-दोन-एक हा नियम पुरेसा आहे: डेटाच्या तीन प्रती (मूळ धरून), दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घरगुती रूप असं: लॅपटॉपमधली मूळ, घरी कपाटात यूएसबी हार्ड डिस्क, आणि तिसरी क्लाउडवर किंवा गावच्या घरी ठेवलेली दुसरी डिस्क, दिवाळी-गणपतीला गेलात की अदलाबदल करायची. घराबाहेरच्या प्रतीचा कंटाळा करू नका. २००५ च्या जुलैत मुंबईत आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हा पाण्याने टेबल आणि कपाट असा भेद केला नव्हता. लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवलेली बॅकअप डिस्क ही या हिशोबात मोजायचीच नाही. बॅग एकदमच विसरली जाते.

१२. बॅकअपसाठी कोणती डिस्क घेऊ? पेन ड्राइव्ह चालेल?

लॅपटॉपच्या डिस्कच्या दुप्पट क्षमतेची अडीच इंची यूएसबी हार्ड डिस्क घ्या. ५१२ जीबीला १ टीबी. रोजच्या बॅकअपला एसएसडी उत्तम आणि जलद, पण वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवायला फिरती डिस्क बरी. एसएसडी विजेशिवाय फार काळ पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, एकमेव प्रत म्हणून नको.

पाच-सातशे रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह मिळतोय? तो खोटा आहे. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि क्षमता खोटी सांगितलेली असते. ती भरली की पुढच्या फाइली दिसतात, पण उघडत नाहीत. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे मोफत साधन पूर्ण भरून-वाचून खरी क्षमता सांगतं.

फॉरमॅट: फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा व्हिडिओ कॉपी होताना अडतो तो यामुळेच.

वेळेचा अंदाज: २०० जीबी मोठ्या फाइली यूएसबी ३ वर फिरत्या डिस्कला साधारण अर्धा तास घेतात, यूएसबी २ च्या जुन्या पोर्टवर पावणेदोन तास. हजारो बारीक फाइली असतील तर याच्या कितीतरी पट.

१३. आपोआप बॅकअप होत राहील असं विंडोजमध्येच काही आहे का?

आहे, ‘फाइल हिस्टरी’. कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. बाहेरची डिस्क लावून ‘टर्न ऑन’ करा. दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी आवृत्ती साठवते आणि जुन्या आवृत्त्या मुळात कायमच्या ठेवते. डिस्क भरू नये म्हणून ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ मध्ये ‘वन इयर’ किंवा ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ करा.

मोठी फट अशी की ती फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांचा आणि लायब्ररींचा बॅकअप घेते. डी मध्ये तुम्ही सरळ ‘क्लायंट २०२५’ असा फोल्डर केलात तर तो तिच्या हिशोबातच नाही. त्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ करावं लागतं (विंडोज ११ मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’). प्रश्न १० प्रमाणे ‘लोकेशन’ने हलवलेले फोल्डर मात्र आपोआप धरले जातात.

स्वतः नियंत्रण हवं असेल तर ‘फ्रीफाइलसिंक’ मोफत आहे. त्यात ‘मिरर’ निवडलात तर मूळ जागी चुकून डिलीट केलेलं बॅकअपमधूनही जातं, म्हणून ‘व्हर्जनिंग’ चालू ठेवा.

१४. सिस्टीम इमेज, रिकव्हरी ड्राइव्ह आणि फाइलींचा बॅकअप यांत फरक काय? तिन्ही लागतात का?

फाइलींचा बॅकअप तुमचं काम वाचवतो. रिकव्हरी ड्राइव्ह हा मेलेला संगणक सुरू करून विंडोज पुन्हा टाकायचा पेन ड्राइव्ह. इमेज म्हणजे विंडोज, प्रोग्राम, सेटिंग सगळ्यासकट डिस्कची नक्कल. पहिल्या दोन सर्वांना हव्यात. तिसरी त्यांना, ज्यांचे प्रोग्राम पुन्हा टाकायला दोन दिवस लागतात.

रिकव्हरी ड्राइव्ह: ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह, सर्चमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’, ‘बॅक अप सिस्टीम फाइल्स’ वर टिक. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. विंडोजचा लायसन्स कोड विचारत बसत नाही. कंपनीने विंडोज टाकून दिलेल्या लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डवरच नोंदलेला असतो. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस मात्र तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असतं, तेव्हा कोणत्या ईमेलने ते चालू केलं ते लिहून ठेवा. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने चालू करून दिलं असेल तर पुढे ते परत मिळवणं कठीण.

इमेज: कंट्रोल पॅनेलमधलं ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ अजून आहे, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून त्याचा विकास थांबवलाय. त्याच्या तीन खोड्या माहीत हव्यात. एक, नवी डिस्क जुनीपेक्षा थोडीही लहान असली तर इमेज चढत नाही, डेटा कितीही कमी असो. दोन, इमेजच्या फोल्डरचं नाव बदललं तर रिस्टोअरच्या वेळी ती सापडत नाही. तीन, परत चढवताना ‘फॉरमॅट अँड रिपार्टिशन डिस्क्स’ वर टिक असेल तर डी सुद्धा पुसला जातो. पर्याय म्हणून ‘व्हीम एजंट’ची मोफत आवृत्ती किंवा पेन ड्राइव्हवरून चालणारं ‘रेस्क्यूझिला’ पाहा. ‘मॅक्रियम रिफ्लेक्ट’ची मोफत आवृत्ती अजून अनेक जण सुचवतात, तिचा पाठिंबा जानेवारी २०२४ मध्येच संपला.

१५. वनड्राइव्ह-गूगल ड्राइव्ह चालू आहे. मग वेगळा बॅकअप कशाला?

कारण ते सिंक आहे. इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट. वैयक्तिक खात्यात दोन्हीकडे कचरापेटीत ३० दिवस राहतं, नंतर गेलं. मोफत जागा वनड्राइव्हवर ५ जीबी, गूगलवर १५ जीबी (त्यात जीमेल आणि फोटोही). ५ जीबी भरले की सिंक थांबतं आणि कोपऱ्यातली छोटी सूचना कोणी वाचत नाही. तीन-दोन-एक मधली घराबाहेरची प्रत म्हणून क्लाउड चांगलं, एकटं नको.

१६. टॅली, श्रीलिपी, डिजिटल सही – यांचा बॅकअप कसा?

टॅलीचा डेटा बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, त्यामुळे फाइल हिस्टरीत येत नाही. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ निवडा आणि प्रत थेट बाहेरच्या डिस्कवर द्या. कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पत्ता दिसतो, तो टिपून ठेवा.

श्रीलिपी किंवा आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील तर फॉन्टसकट बॅकअप घ्या. फाइल सुखरूप राहिली तरी तो फॉन्ट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स’ मधून ते वेगळे कॉपी करा. छापखाने आणि वकिलांच्या ऑफिसांत हमखास राहून जातं ते हेच.

डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनची प्रत निघत नाही, ते तसंच बनवलेलं असतं. हरवलं तर नवी सही काढायची.

१७. बॅकअपची डिस्क कायम लावून ठेवू का?

नको. रॅन्समवेअर लॅपटॉपला दिसणाऱ्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइली कुलूपबंद करतं, लावलेल्या बॅकअपसकट. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हा त्याचा नेहमीचा दरवाजा. आठवड्यातून एक वार ठरवा, लावा, बॅकअप होऊ द्या, ‘इजेक्ट’ करून काढा. दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या तर एक नेहमी सुटी राहते.

डिस्कवर आधार-पॅनच्या प्रती असतील तर तिलाही कुलूप हवं. विंडोज प्रोमध्ये ‘बिटलॉकर टू गो’ आहे. होममध्ये तसं कुलूप घालता येत नाही, तिथे ‘व्हेराक्रिप्ट’ मोफत वापरा. पासवर्ड विसरलात तर मागचा दरवाजा नाही.

१८. विंडोज नसलेला, डॉसवाला लॅपटॉप घेतला. विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपवर ‘व्हीएमडी’ (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर उतरवा, उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण आधीच विंडोज असलेल्या लॅपटॉपवर हे करू नका. विंडोज उघडायची थांबते.

डिस्क दिसते पण ‘एमबीआर पार्टिशन टेबल’ची तक्रार येते, तर डिस्क नवी आणि रिकामी असल्याची खात्री करून सगळी पार्टिशनं डिलीट करा आणि ‘अनॲलोकेटेड’वर पुढे जा. जीपीटी आपोआप होतं. आत दोन डिस्क असतील तर विंडोज टाकेपर्यंत दुसरी काढून ठेवा. नाहीतर सुरुवातीचं ईएफआय पार्टिशन दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसतं, आणि वर्षभराने ती डिस्क काढली की विंडोज सुरू होत नाही.

१९. जुनी डिस्क जोडली तर ‘इनिशियलाइझ करा’ किंवा ‘फॉरमॅट करा’ म्हणतोय. आत डेटा आहे.

दोन्हीला ‘कॅन्सल’. इनिशियलाइझ कोऱ्या डिस्कसाठी असतं. आधी दुसरी केबल, दुसरा पोर्ट वापरून पाहा. हबमधून पुरेशी वीज न मिळणं हे साधं कारण बरेचदा निघतं. तरी तेच, तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये प्रकृती तपासा. डिस्क ठीक आणि फक्त पार्टिशन हरवलं असेल (किंवा तुम्हीच चुकून डिलीट केलं असेल) तर ‘टेस्टडिस्क’ अनेकदा ते परत शोधतं, अट एवढीच की त्यानंतर फॉरमॅट केलेलं नसावं. एसएसडीवर फॉरमॅट करताना ‘ट्रिम’ची आज्ञा जाते आणि मोकळे झालेले कप्पे खरोखर रिकामे केले जातात, मग कोणतंही रिकव्हरी सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल तर लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू केल्याने चकतीवर ओरखडे वाढतात.

२०. सकाळी लॅपटॉप उघडला तर निळा पडदा ४८ अंकी की मागतोय. काहीच केलं नव्हतं!

बहुधा रात्री बायोस अपडेट झाला असेल, किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये मदरबोर्ड बदलला असेल. कुलुपाला आपला संगणक ओळखू आला नाही. प्रश्न ५ मधली की टाका. लिहून ठेवली नसेल तर फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहा, आणि लॅपटॉप पहिल्यांदा ज्या खात्याने चालू झाला तेच खातं पाहा. घरात ते बरेचदा मुलाचं किंवा दुकानदाराचं निघतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की तुमच्या आयटी विभागाकडे असते. की कुठेच नसेल तर आतला डेटा मायक्रोसॉफ्टलाही उघडता येत नाही. विंडोज नव्याने टाकायची आणि बॅकअप परत आणायचा.

२१. बॅकअप बरोबर झालाय हे कसं कळणार?

परत आणून. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधल्या पाच-सहा फाइली वेगवेगळ्या फोल्डरांतून, एखादी मोठी, एखादी जुनी, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. नाव आणि आकार दिसणं पुरेसं नाही, फाइल उघडली पाहिजे. रिकव्हरी पेन ड्राइव्हवरून संगणक एकदा सुरू करून दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत जाऊन या, आणि तिथून ‘टर्न ऑफ’ करा. पुढे ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ दाबू नका, ते सगळं पुसतं. डिस्कवर कागद चिकटवून शेवटच्या बॅकअपची तारीख पेन्सिलने लिहा, म्हणजे पुढच्या वेळी खोडता येते.